माहितीचा आराखडा : संगणकाच्या आधी ठरवायच्या गोष्टी



गळीत हंगाम सुरू झाला की कोणत्याही कारखान्याच्या गट ऑफिसात त्याच त्या तक्रारी येतात. "साहेब, माझ्या एकाच रानाच्या दोन नोंदी कशा लागल्या?" "ऊस मी घातला, मग बिल वडिलांच्या खात्यावर कसं गेलं?" "शेजाऱ्याची लागण माझ्या मागनं, मग त्याला तोड अगोदर कशी?" अशा वेळी बहुतेक एकच उत्तर ऐकू येते, "संगणकात तसंच दिसतंय." उत्तर देणारा खोटे बोलत नाही. संगणकात खरोखरच तसे असते. पण ते तसे का असते, हा खरा प्रश्न आहे.

संगणक स्वतःहून काही ठरवत नाही. सभासद म्हणजे कोण, नोंद म्हणजे काय, एका गट नंबरात किती लागणी असू शकतात, हे माणसांनी अगोदर ठरवायचे असते. ते नीट ठरवले नाही तर कितीही महागडे यंत्र आणले तरी गोंधळ तोच राहतो. उलट जुन्या वहीतला गोंधळ एका पानापुरता असायचा, संगणकातला एकदम सगळ्या खात्यांत पसरतो. हे जे अगोदर ठरवणे आहे, त्याला या विद्येत 'माहितीचा संकल्पनात्मक आराखडा' म्हणतात. इंग्रजी नाव कन्सेप्च्युअल डेटा मॉडेल. नाव भारदस्त असले तरी गोष्ट आपल्या रोजच्या व्यवहारातली आहे.

आपल्या शेतकी खात्याची नोंदणी, तोडणी, वजनकाटा आणि बिल यांची माहिती नव्याने एकत्र बसवायची आहे. त्यासाठीचा कच्चा आराखडा गट ऑफिसात सभासदांना पाहण्यासाठी ठेवला जाणार आहे. तो पाहताना काय पाहावे, हे कळावे म्हणून हा लेख.

आराखडा म्हणजे काय?

लागणीअगोदर आपण रानबांधणी करतो. उतार पाहतो, सरी कोणत्या अंगाने पाडायची ते ठरवतो, पाट कुठून काढायचा ते ठरवतो. पाणी नंतर येते. उतार न पाहता सऱ्या पाडल्या, तर पाणी एका टोकाला तुंबते आणि दुसरे टोक कोरडे राहते. मग मोटर कितीही हॉर्सपॉवरची बसवा, उपयोग नाही. माहितीचे तसेच आहे. आराखडा ही रानबांधणी आणि संगणक ही मोटर.

१९७५ साली अमेरिकेतील मानक संस्थेच्या अभ्यासगटाने माहितीच्या रचनेचे तीन थर मांडले. ते आपल्या भाषेत असे सांगता येतील. वरचा थर म्हणजे ज्याला त्याला दिसते ती माहिती. सभासदाला तोडणीचा मेसेज दिसतो, काट्यावरच्या कारकुनाला गाडीचे वजन दिसते, अकौंट खात्याला बिल दिसते. खालचा थर म्हणजे यंत्राच्या पोटात ही माहिती कशी साठवली आहे. तो यंत्रवाल्यांचा प्रांत, आपल्याला त्यात शिरायचे कारण नाही. या दोहोंच्या मधला थर म्हणजे सगळ्यांनी मिळून मान्य केलेली समजूत : आपल्या कामात कोणकोणत्या वस्तू आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे. हाच आराखडा. यंत्र बदलले तरी तो बदलत नाही. आपला धंदा बदलला तरच तो बदलतो.

ही विद्या आली कुठून?

पूर्वी संगणकातही वह्यांसारखाच प्रकार होता. प्रत्येक खात्याची माहिती वेगळी, प्रत्येकाची मांडणी वेगळी. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यांनी सगळ्या खात्यांना वापरता येईल असा एकत्र माहितीसाठा तयार केला. त्यातले संबंध चौकोन आणि बाण काढून दाखवण्याची रीतही त्यांचीच. १९७० साली आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी वेगळा विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि एका तक्त्याने दुसऱ्याकडे केवळ क्रमांकाने बोट दाखवावे. आजचे बहुतेक हिशेबी संगणक याच रीतीने चालतात.

पण तक्ते किती करायचे आणि कशाकशाचे करायचे? याचे उत्तर १९७६ साली पीटर चेन यांच्या लेखाने सोपे केले. त्यांनी सांगितले की, अगोदर यंत्राचा विचारच करू नका. आपल्या जगात कोणत्या 'वस्तू' आहेत ते पाहा, त्यांच्यात कोणते 'संबंध' आहेत ते पाहा आणि प्रत्येकाचे 'गुण' लिहा. चौकोनात वस्तू, शंकरपाळ्याच्या आकारात संबंध. त्यांच्या पद्धतीचे हे चित्र आजही सगळीकडे शिकवले जाते.

आपल्या घरचे उदाहरण : सातबारा आणि आठ-अ

ही विचाराची रीत आपल्याला अगदीच नवी नाही. तलाठ्याच्या दप्तरात ती कधीची आहे. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते असते, नमुना बारामध्ये पीक कोणते ते असते. दोन्ही मिळून सातबारा. हा उतारा जमिनीच्या नावाने निघतो : हा गट नंबर, यात हे हे खातेदार. आठ-अ चा उतारा माणसाच्या नावाने निघतो : हा खातेदार, याच्या नावावर हे हे गट. माहिती एकच, फक्त एकदा जमिनीच्या बाजूने वाचली आणि एकदा माणसाच्या बाजूने. आणि मालकी बदलली की नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्या बदलाची नोंद होते. जुने नाव नुसते खोडून मोकळे होता येत नाही. कधी, कशामुळे बदल झाला, हे फेरफारात राहते.

म्हणजे इथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत : जमीन, माणूस, आणि दोघांमधला संबंध बदलवणारी घटना. चांगल्या आराखड्याचे मर्म हेच. ज्या वस्तू वेगळ्या आहेत त्या एकत्र कालवायच्या नाहीत.

आपल्या वस्तू कोणत्या?

ऊस नोंदणीपासून बिलापर्यंत पाहिले तर साधारण या वस्तू दिसतात : व्यक्ती, शेत म्हणजे गट नंबर, लागण नोंद, उसाची जात, तोडणी टोळी व वाहन, खेप आणि बिल. यादी छोटी वाटते. पण 'एकाला किती?' हा एक प्रश्न विचारला की खरी गुंतागुंत बाहेर येते. चार ठिकाणी ती जास्त आहे.

१. व्यक्ती आणि शेत. एका खातेदाराचे अनेक गट असतात, एका गटात अनेक खातेदार असतात. दोन्हीकडून 'अनेक'. मग क्षेत्र कुठे लिहायचे? ६० आर हे माणसाचे क्षेत्र म्हणावे, तर त्याचे दुसऱ्या गटातही रान आहे. गटाचे म्हणावे, तर गटाचे एकूण क्षेत्र वेगळे. ६० आर हे 'या माणसाचे या गटातले' क्षेत्र आहे. म्हणजे ते दोघांच्या संबंधावर लिहायचे. क्षेत्राबरोबर मापही लिहायचे. नुसते '२' लिहून भागत नाही. एकर की हेक्टर? एक हेक्टर म्हणजे १०० आर, साधारण २.४७ एकर. नुसत्या दोन आकड्याने अडीच पटीचा फरक पडतो.

२. शेत आणि लागण. शेत कायम असते, लागण येते आणि जाते. आज आडसाली, पुढे त्याचा खोडवा, मग बेवड म्हणून दुसरे पीक. लागणीची तारीख, जात आणि हंगाम हे गुण शेताचे नव्हेत, लागण नोंदीचे आहेत. ते शेताच्या ओळीत चिकटवले की नवी तारीख घालताना जुनी पुसली जाते. मागच्या पाच वर्षांत या रानात काय होते, खोडवा कितवा, हे विचारायला गेले तर हाती काही लागत नाही. खोडव्याचीही स्वतंत्र नोंद हवी. त्याची तारीख म्हणजे आधीच्या उसाच्या तोडीची तारीख, मूळ लागणीची नव्हे.

३. खेप आणि नोंद. एक नोंद अनेक खेपांत संपते, हे सोपे आहे. पण एका खेपेत दोन नोंदींचा ऊस असू शकतो का? भावाभावांची राने लागून असतात, शेवटची ट्रॉली अर्धी भरते, मग राहिलेला ऊस तिच्यातच टाकला जातो. काट्यावर वजन सगळ्या ट्रॉलीचे एकत्र येते. त्यातले कोणाचे किती, हे काटा सांगू शकत नाही. इथे आराखडा आपल्याला नियम ठरवायला भाग पाडतो : एका खेपेत एकाच नोंदीचा ऊस, की वाटणी करायची आणि ती कोणाच्या सहीने? यंत्रवाला हे ठरवू शकत नाही. हे सभासद आणि कारखाना यांनीच ठरवायचे.

४. सभासद, ऊस घालणारा आणि बिल घेणारा. आपण हे तिन्ही एकच समजून चालतो. प्रत्यक्षात शेअर वडिलांच्या नावावर, रान आईच्या नावावर, ऊस मुलाने केलेला आणि बँक खाते तिसऱ्याच गावातल्या शाखेत, असे घरोघरी आहे. शिवाय बिगर-सभासदांचाही ऊस येतो. आराखड्यात 'खेप सभासदाची' अशी गाठ मारली, की बिगर-सभासदाच्या खेपेसाठी कारकुनाला खोटा सभासद क्रमांक तयार करावा लागतो. मग मतदार यादी, शेअर खाते सगळीकडे त्याचा त्रास. म्हणून मूळ वस्तू 'व्यक्ती' ठेवायची. सभासद, शेतमालक, ऊस उत्पादक आणि बिल घेणारा या तिच्या भूमिका. एकच माणूस चारही भूमिका करू शकतो, किंवा चार भूमिका चौघांच्या असू शकतात.

याला जोडूनच ओळखीचा प्रश्न येतो. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे निघतात, कधी वडिलांचे नावही तेच. नाव ही ओळख नव्हे. प्रत्येक व्यक्तीला कायमचा क्रमांक हवा. आणि माणूस वारला तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. वारसाला त्याचा स्वतःचा क्रमांक, आणि शेअर कोणत्या तारखेपासून त्याच्याकडे आला याची वेगळी नोंद. फेरफारासारखीच.

चुकीच्या आराखड्याने काय होते?

हे सगळे कागदी वाटेल, म्हणून एक हिशेब करून पाहू. समजा, गट नंबर २१७ मध्ये तीन भावांचे मिळून १ हेक्टर ६० आर क्षेत्र आहे. थोरल्याच्या वाट्याला ६० आर. त्याने जुलै २०२३ मध्ये ४० आर आडसाली को ८६०३२ लावला आणि उरलेल्या २० आरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये सुरूची लागण केली, फुले २६५ ची.

आता आराखड्यात 'एक व्यक्ती, एक गट, एक ओळ' असे ठरले असेल, तर या दोन लागणी एका ओळीत बसवाव्या लागतात. क्षेत्र ६० आर, तारीख मात्र एकच. जुलैची तारीख धरली तर १६ महिने भरल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सगळ्या ६० आरला तोड येते. आडसालीचे ठीक, पण सुरूचा ऊस तेव्हा अवघा १० महिन्यांचा. पूर्ण पक्व नाही, वजनात तोटा आणि उताऱ्यातही तोटा. जानेवारीची तारीख धरली तर सुरूला १२ महिने मिळतात, पण आडसाली तोवर १८ महिन्यांवर जातो. त्याला तुरा येतो, पांगशा फुटतात, पोकळ पडतो आणि वजन घटते. कोणतीही तारीख धरा, शेतकऱ्याचे नुकसान ठरलेलेच. आणि नोंद घालणाऱ्याने काहीच चुकवलेले नाही. त्याला दोन तारखा घालायला जागाच ठेवलेली नव्हती.

लागण नोंद ही स्वतंत्र वस्तू मानली की हा प्रश्नच उरत नाही. गट २१७, थोरला भाऊ, नोंद पहिली : ४० आर, जुलै. नोंद दुसरी : २० आर, जानेवारी. दोन नोंदी, दोन पाळ्या, दोन टनेजचे अंदाज. एका रानाच्या दोन नोंदी दिसल्या म्हणून प्रत्येक वेळी चूकच असते असे नाही. त्या दोन लागणींच्या आहेत की एकाच लागणीच्या दुबार, हे पाहायचे.

एक गोष्ट एकाच जागी

दुसरे तत्त्व सोपे आहे. कोणतीही माहिती एकाच जागी लिहायची, बाकीच्यांनी तिच्याकडे क्रमांकाने बोट दाखवायचे.

उसाच्या जातीचे पाहा. एकाने 'को ८६०३२' लिहिले, दुसऱ्याने नुसते '८६०३२', तिसऱ्याने 'नीरा'. माणसाला कळते की ही एकच जात. यंत्राला तीन जाती दिसतात. मग जातवार क्षेत्राचा तक्ता चुकतो आणि त्यावर बेतलेला तोडणी कार्यक्रमही चुकतो. म्हणून जातींची एकच यादी करायची आणि नोंद घालताना तीतूनच निवडायची.

बँक खात्याचेही तसेच. खाते क्रमांक शेतकी खात्यात, अकौंटात आणि शेअर विभागात असा तीन ठिकाणी लिहिलेला असला, आणि सभासदाने बदल एकाच ठिकाणी कळवला, तर बिल जुन्या खात्यावर जाणारच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आणि उशीर झाल्यास व्याजाची तरतूद केली. पण पैसे वेळेत सुटूनही बंद खात्यावरून परत आले, तर त्या शेतकऱ्याच्या हातात काय पडते? सोसायटीचा हप्ता थांबतो, खताची उधारी थांबते.

या तत्त्वाला एक मर्यादा आहे, तीही लक्षात ठेवावी. बिल दिले त्या दिवशीचा दर, त्या दिवशीचे खाते आणि त्या दिवशीची कपात ही बिलावरच कायम राहिली पाहिजेत. उद्या दर बदलला म्हणून मागचे बिल बदलता कामा नये. आजची स्थिती वेगळी आणि घडून गेलेली घटना वेगळी. दोन्हींना जागा हवी.

चित्र नको, वाक्ये चालतील

आराखडा करण्याची चेन यांची चित्राची रीत ही एक झाली. दुसरी रीत युरोपात १९७० च्या दशकात नायसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. पुढे ऑस्ट्रेलियात टेरी हाल्पिन यांनी ती वाढवली. यांचा भर चित्रावर कमी आणि साध्या वाक्यांवर जास्त. ज्याचे काम आहे त्याच्याच भाषेत, खऱ्या आकड्यांसह छोटी छोटी वाक्ये लिहायची आणि ती त्यालाच वाचून दाखवायची. उदाहरणार्थ :

नोंद १०५ ही गट नंबर २१७ मधील आहे.
नोंद १०५ ची लागण १० जुलै २०२३ रोजी झाली.
खेप ८८१ ही नोंद १०५ ची आहे.

मग उलटे प्रश्न विचारायचे. "एका नोंदीला लागणीच्या दोन तारखा असू शकतात का?" "एक खेप दोन नोंदींची असू शकते का?" "नोंद नसलेला ऊस काट्यावर येऊ शकतो का?" प्रत्येकाला 'होय' किंवा 'नाही' असे स्पष्ट उत्तर हवे. 'कधी कधी' असे उत्तर आले, की समजावे, इथे काहीतरी राहिले आहे.

तिसरी रीत १९९७ पासून प्रमाण म्हणून मान्य झालेल्या यूएमएल या चित्रलिपीची. तिच्यात वस्तूबरोबर तिच्या अवस्था कशा बदलतात हेही मांडता येते. आपली लागण नोंद अगोदर 'नोंदवलेली', मग 'पाहणी झालेली', मग 'तोडीस पात्र', मग 'तोड चालू', शेवटी 'तोड पूर्ण'. पाहणी न होता नोंद थेट तोडीस पात्र होऊ नये, हा नियम तिथेच दिसतो.

आमच्या मते सभासदांसाठी यातली वाक्यांची रीत सर्वांत उपयोगी. चौकोन-बाणांचे चित्र पाहून मान हलवणारे पुष्कळ मिळतील, पण त्याचा उपयोग नाही. "एका खेपेत एकाच नोंदीचा ऊस असतो" हे वाक्य ऐकल्यावर चिटबॉय म्हणेल, "साहेब, शेवटच्या ट्रॉलीला तसं होत नाही." त्याचे ते एक वाक्य लाखमोलाचे. म्हणून गट ऑफिसात आराखडा ठेवताना चित्राबरोबर मराठी वाक्यांची यादीही ठेवली जाणार आहे.

आराखड्याने काय होणार नाही

खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. रान चुकीचे मोजले तर आराखडा ते सुधारणार नाही. भावकीतला वाद तो मिटवणार नाही. लागणीची तारीख कोणी मागची सांगितली तर ती ओळखून काढणार नाही, त्यासाठी बांधावर जाऊन पाहणीच करावी लागते.

पाळीचेही तसेच. पाळी सोडून तोड काही वेळा द्यावी लागते. ऊस जळाला, नदीकाठचे रान आहे, रस्ता पुढे बंद होणार आहे, अशी रास्त कारणे असतात. काही वेळा कारण रास्त नसते, हेही सर्वांना ठाऊक आहे. आराखडा कोणाचा हात धरणार नाही. मात्र 'पाळी बदल' ही स्वतंत्र वस्तू मानून तिला जागा ठेवली, तर कोणत्या नोंदीची पाळी, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या मंजुरीने बदलली, हे लिहावे लागेल. जागाच ठेवली नाही, तर तो बदल कुठेच दिसणार नाही आणि विचारणाऱ्याला पुन्हा तेच उत्तर मिळेल, "संगणकात तसंच दिसतंय." आराखड्यात कशाला जागा आहे आणि कशाला नाही, यावर पुढे काय विचारता येईल हे ठरते. म्हणून हे काम यंत्रवाल्यांवर सोडून चालणार नाही.

सभासदांनी काय पाहावे?

गट ऑफिसात येताना सातबारा, आठ-अ आणि बँक पासबुक बरोबर आणावे. आराखड्यातील वाक्ये वाचून किंवा वाचून घेऊन आपापल्या घरच्या उदाहरणावर पुढील गोष्टी ताडून पाहाव्यात :

१. आपल्या प्रत्येक लागणीला आणि प्रत्येक खोडव्याला वेगळी जागा आहे का?
२. सामाईक गटातील आपला वाटा वेगळा लिहिता येतो का?
३. शेअर, रान, ऊस आणि बिल वेगवेगळ्या नावांवर असतील, तर ते तसे मांडता येते का?
४. वारस नोंद झाल्यावर जुने आणि नवे नाव दोन्ही तारखेसह राहते का?
५. शेवटच्या अर्धवट खेपेचा नियम आपल्याला मान्य आहे का?
६. पाळी बदलल्यास कारण आणि मंजुरी दिसते का?

यातले एखादे आपल्या घरी बसत नसेल, तर तिथेच लिहून द्यावे. "आमच्यात असं नसतं, असं असतं" एवढे म्हटले तरी पुरे, शुद्ध भाषा आणि तांत्रिक शब्द नकोत. कागदावरची रेघ आज खोडता येते. एकदा का त्यावर सगळ्या खात्यांची माहिती बसली, की तीच रेघ बदलायला पूर्ण हंगाम जातो आणि तोवरच्या चुकीचा भार ऊस उत्पादकाच्या पाळीवर आणि बिलावर पडतो.

मोबाईलवर तोडीचा मेसेज आल्यावर तक्रार करण्यापेक्षा तो मेसेज ज्या समजुतीवर तयार होणार आहे ती आजच तपासावी. बागायतदार शेतकरी पाणी सोडण्याआधी एकदा पाटावरून फिरून येतो. तसेच या आराखड्यावरून आपण सर्वांनी एकदा फिरून यावे, ही विनंती.